आधी खेळा, मग लिहा
(मराठी संपादकांना खुले पत्र)

मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांचे आणि दिवाळी अंकांचे संपादक यांस,



भाच्याची बारावी संपली त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. वर्षभर काही मागितलं नाही म्हणून आता त्याने एक गेम मागितला होता. नाव 'एल्डन रिंग', किंमत साडेतीन हजारांच्या घरात. ताई म्हणाली, "तू या वयातही खेळतोस म्हणून विचारते. हा गेम चांगला आहे का रे?"

पुस्तक असतं तर म्हटलं असतं, थांब, अमुक अंकात परीक्षण आलंय, फोटो काढून पाठवतो. नाटक असतं तर तिनेच मला सुनावलं असतं की पहिला अंक रेंगाळतो, दुसऱ्यात पकड घेतो. गेमचं नाव निघालं आणि मी गप्प झालो. यूट्यूबवर मराठीत बोलत गेम खेळणारी पोरं आहेत, पण ताईच्या हातात ठेवावं असं मराठीत छापलेलं एक पानही माझ्याजवळ नव्हतं. हे पत्र त्या न सापडलेल्या पानाबद्दल आहे.

तुमचे अंक माझ्या घरी येतात आणि मी ते वाचतो. त्यात गेम मला तीन ठिकाणी भेटतात. पहिल्या पानावर गुन्हा किंवा आत्महत्येच्या बातमीत. आरोग्याच्या पुरवणीत, 'मोबाइलचं व्यसन कसं सोडवाल' या चौकटीत. आणि अर्थविषयक पानावर, अमुक हजार कोटींची बाजारपेठ म्हणून. म्हणजे गेम एक तर रोग असतो, नाही तर धंदा. सप्टेंबर २०२०मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा रकानेच्या रकाने भरले. पण शंभर माणसं एका बेटावर उतरतात, वर्तुळ आवळत जातं, पळायला जागा उरत नाही, आणि या एका साध्या युक्तीपायी कोट्यवधी लोक रात्र जागवतात, ती युक्ती इतकी का चालते, यावर एक ओळ माझ्या वाचनात आली नाही. गंमत म्हणजे तुम्ही शब्दकोडं छापता, सुडोकू छापता, कुणी कुणी बुद्धिबळाचा डावही छापता. खेळाचं तुम्हाला वावडं नाही. फक्त ज्या खेळाला वीज लागते त्याच्यापाशी आलं की लेखणी पोलिसाच्या किंवा डॉक्टरच्या हातात जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की ती लेखणी अधूनमधून समीक्षकाच्या हातात द्या. आणि समीक्षकाला एकच अट घाला: आधी खेळ, मग लिही. कारण गेम नुसता बघून कळत नाही. त्याचं बरंवाईट हाताला कळतं. चित्रं छान आहेत, कथा दमदार आहे, संगीत श्रवणीय आहे, ही सगळी सिनेमाची मापं झाली. गेमला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा मला काय करायला लावतो, आणि ते करताना मला काय उमगतं?

तक्रार करून थांबत नाही. हा प्रश्न घेऊन परीक्षण कसं होऊ शकतं त्याचे चार-पाच नमुनेच पुढे ठेवतो.

तलवार म्यान

नव्वदच्या दशकात मिरजेत एका कॉम्प्युटर क्लासला मी जायचो. चपला बाहेर, आत एसी, आणि तासाची शेवटची दहा मिनिटं 'गेम लावू का सर?' अशी अजिजी. डेव्ह आणि प्रिन्स, हे आमचे दोन देव. प्रिन्स म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया', साल १९८९, कर्ता जॉर्डन मेकनर. या माणसाने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल गिरवून काढली. म्हणून त्या राजपुत्राला वजन होतं. धावताना बटण सोडलं तरी तो जागीच थांबत नसे, पाऊलभर घसरत जाई. कड्याच्या टोकाशी उडी चुकली की बोटांनी लोंबकळे. आम्ही ओरडायचो की हा सांगितलेलं ऐकत नाही, उशिरा उडतो. आज वाटतं, जो दोष म्हणून ओरडत होतो तोच त्या गेमचा मोठा गुण होता. त्यापूर्वीच्या गेममधली चित्रं रबरासारखी उडायची. हा पडला की आपल्या गुडघ्याला लागायचं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. मधेच एका आरशातून उडी मारावी लागते, आणि पलीकडून आपलीच सावली सुटून पळते. ती पुढे आपल्या तोंडचं औषध पिते, आपल्यासाठी उघडलेला दरवाजा बंद करते. शेवटाकडे ती तलवार घेऊन समोर उभी राहते. आम्ही तिला मारायचो आणि प्रत्येक वाराला आमचाच जीव कमी व्हायचा. क्लास सुटल्यावर सरांच्या मुलाबरोबर बसून आम्ही कितीतरी दिवस मारत होतो आणि मरत होतो. एके दिवशी वैतागून त्याने तलवार म्यान केली. समोरच्या सावलीनेही केली. दोघं एकमेकांच्या अंगावर धावले आणि एक झाले.

त्या खोलीत कुणी काही बोललं नाही. 'स्वतःशी भांडून जिंकता येत नाही' हे वाक्य कुठल्याही भिंतीवर लावता येईल. इथे ते कुणी सांगितलं नाही, आमच्या बोटांना ते सुचावं लागलं. गेम हा प्रकार काय करू शकतो याचा माझ्यापुरता मापदंड अजूनही तो आहे.

दोषही सांगतो, कारण आठवणींची साय काढल्याशिवाय परीक्षण होत नाही. सगळा गेम एका तासात संपवायची सक्ती आणि मेलं की पुन्हा त्या मजल्याच्या सुरुवातीपासून, यात कौशल्यापेक्षा पाठांतराची परीक्षा जास्त होती. राजकन्येला वाळूच्या घड्याळाकडे बघत बसण्यापलीकडे फारसं काम नव्हतं. आणि 'पर्शिया' म्हणजे कमानी, दुष्ट वजीर आणि तळघर. तो इराण इराणी माणसाने कधी पाहिला नसेल.

खिडकीच्या आतून

दुसरा नमुना: 'पेपर्स, प्लीज', २०१३. बहुतेक सगळं काम एकट्या लुकास पोप यांचं. देश काल्पनिक, नाव अर्स्टोत्झ्का, काळ १९८२. तुम्ही सीमेवरच्या चौकीत पासपोर्ट तपासणारे कारकून. पडद्यावर रांग, खिडकी, आणि कागद पसरायला मुद्दाम अपुरं ठेवलेलं टेबल. पासपोर्टावरची तारीख, फोटो, परवान्यावरचा क्रमांक, सगळं ताडून बघायचं आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. एक माणूस निकाली काढला की पाच नाणी. संध्याकाळी हिशेब: घरभाडं, जेवण, शेकोटी, औषध. घरी बायको, मुलगा, सासू, काका.

एके दिवशी एक माणूस येतो. कागद चोख. जाता जाता म्हणतो, मागून माझी बायको येतेय, तिच्याशी नीट वागा. बायको येते. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही.

इथे गेम तुमच्यावर काही लादत नाही. हिरवा शिक्का हाताशी आहे, लालही आहे. हिरवा मारला तर चूक नोंदली जाईल. पण नियम असा की दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद मिळते, तिसरीपासून दंड. म्हणजे दिवसाला दोनदा माणुसकी परवडते! सकाळीच घाईत एखादी तारीख नजरेतून निसटली असेल तर उरली एकच. हे गणित मनात आलं आणि मी खुर्चीत मागे टेकलो. समोर रडणारी बाई आणि मी मोजत होतो की माझ्या किती चुका शिल्लक आहेत.

तहसील कचेरीच्या खिडकीपुढे आयुष्यात एकदा तरी उभं राहिलेल्या मराठी माणसाला या गेमची प्रस्तावना लागत नाही. झेरॉक्सवर सही नाही, रहिवासी दाखल्याची मुदत संपली, उद्या या. आपण सगळे त्या खिडकीच्या बाहेरचे. हा गेम आपल्याला आत बसवतो, आणि दोन तासांत आपणही मान वर न करता 'पुढचा' म्हणायला लागतो. नोकरशाहीवर कथा आहेत, नाटकं आहेत, व्यंगचित्रं तर ढीगभर. पण शिक्क्याचा तो 'ठक्क' आवाज आपल्या हातून निघतो तेव्हा जे होतं ते वाचून होत नाही.

उणं काय? एका गुप्त संघटनेचं उपकथानक वरून चिकटवलेलं वाटतं. वीस वेगवेगळे शेवट आहेत, त्यातले बरेच दार आपटल्यासारखे संपतात. आणि उत्तरार्धात नियमांवर नियम चढत जातात तेव्हा थकवा आणणं हा हेतू कुठे संपतो आणि नुसता कंटाळा कुठे सुरू होतो, हे गेमलाच कळेनासं होतं.

दाबाल तर दोषी

आता एक श्रीमंत गेम. 'द लास्ट ऑफ अस'चा पहिला भाग २०१३चा, दुसरा जून २०२०चा. दुसरा आला तेव्हा समीक्षकांनी दहापैकी दहा दिले आणि रागावलेल्या खेळाडूंनी दहापैकी शून्यांचा पाऊस पाडला. दोन्ही आकडे मला सारखेच निरुपयोगी वाटले. एकीला तिच्या माणसाच्या खुनाचा सूड हवा आहे. अर्ध्यावर गेम तिला बाजूला ठेवतो आणि जिचा जीव घ्यायला आपण निघालो होतो तिलाच आपल्या हाती देतो. धाडस मोठं आहे. बारकावे असे की एखाद्या शत्रूला लोळवलं की त्याचा सोबती त्याला नावाने हाक मारतो. आतापर्यंत ज्यांना आपण निव्वळ आडकाठी समजत होतो त्यांना नावं असतात, हे कानावर आदळतं.

पण एका प्रसंगी इस्पितळात एका निःशस्त्र, मरायला टेकलेल्या बाईला मारायचं असतं. बटण दाबलं की एक घाव. पुन्हा दाबा, पुन्हा घाव. दाबलं नाही तर? काहीच होत नाही. पडदा वाट बघत बसतो. दुसरी वाट ठेवलेलीच नाही. आणि दाबलं की पुढचे कितीतरी तास गेम आपल्याकडे 'काय केलंस हे?' असं बघत राहतो. हा सौदा मला मंजूर नाही. प्रिन्समध्ये तलवार म्यान करायची मोकळीक होती, म्हणून न करण्याचा दोष माझा होता. इथे मोकळीक नाही, तरी दोष माझ्याच पदरात. पंचविसेक तासांत हिंसेचा हा धडा इतक्यांदा गिरवून घेतला जातो की शेवटी धडा घेणाऱ्याच्या आवाजाचाच वीट येतो.

तरीही हा गेम मी वाया गेला म्हणणार नाही, आणि त्याला कारण एक गिटार आहे. (शेवट फोडतोय, ज्यांना खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) अधूनमधून नायिका गिटार वाजवते, म्हणजे आपणच वाजवतो, अंगठ्याने तारा छेडून. अगदी अखेरीस ती रिकाम्या घरात येते, गिटार उचलते. तोवर मारामारीत तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आहेत. आपण पूर्वीसारखाच अंगठा फिरवतो, पण सूर उमटत नाहीत, तार नुसती खरखरते. माझा अंगठा शाबूत होता, चूक त्याची नव्हती, तरी मी दोनदा परत छेडून पाहिलं. सुडाची किंमत सांगायला त्या सगळ्या गेमला एवढं एक मिनिट पुरलं असतं.

कच्चा लिंबू

आता ताईचा प्रश्न. 'एल्डन रिंग' २०२२चा, जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा. तिची भीती रक्तपाताची होती. ती अनाठायी नाही. गेम मोठ्यांसाठीच आहे आणि त्यातले राक्षस ओंगळ आहेत. पण मी तिला सांगितलं की काळजीचं कारण दुसरं आहे: हा गेम शंभर तास खातो आणि दयामाया दाखवत नाही. सोपं-अवघड निवडायची सोय त्यात नाही. मेल्यावर कमाई जिथे सांडली तिथे जाऊन उचलायची, आणि जाताना पुन्हा मेलं तर तीही गेली.

पंधरा दिवसांनी तिचा परत फोन. "मार्गिट कोण रे? हा रात्री एक वाजता त्याला शिव्या घालतो." मार्गिट म्हणजे किल्ल्याच्या वाटेवर उभा असलेला पहिला मोठा दांडगट. मी भाच्याला निरोप दिला, "त्याच्याशी डोकं फोडत बसू नकोस. घोडा काढ आणि दक्षिणेला जा." कारण या गेमची खरी खुबी तिथे आहे. दार बंद असलं की तो पाठ फिरवू देतो. रान अफाट आहे, कुठेही भटका, काही मिळवा, काही शिका, मग परत या. त्याच कंपनीच्या आधीच्या 'सेकिरो'मध्ये ही पळवाट जवळजवळ नव्हती. तिथे दारावर डोकं आपटतच शिकावं लागे. हार पत्करून वाट बदलणं ही इथे नामुष्की मानली जात नाही. अठरा वर्षांच्या, निकालाची वाट बघणाऱ्या पोराला हे कळलं तर साडेतीन हजार वसूल.

दोषही बारके नाहीत. उत्तरार्धात तेच राक्षस नाव बदलून पुन्हा पुन्हा भेटतात, भुयारं एकाच साच्यातून काढलेली वाटतात. वाटेत भेटणारी माणसं कामं सांगतात आणि गायब होतात. कुणी काय सांगितलं याची साधी टिपणवही नाही. शोध घेण्याचा आनंद वेगळा आणि शेजारी कागद-पेन घेऊन बसण्याची सक्ती वेगळी.

आणि एक वाद, ज्यात जगभरचे खेळाडू हमरीतुमरीवर येतात: कठीण गेममध्ये सोपी वाट असावी की नसावी? सोपी वाट दिली तर गेमची इभ्रत जाते असं एक बाजू म्हणते. आपल्याकडे हा वाद गल्लीतल्या पोरांनी केव्हाच मिटवून टाकला आहे. लहान भावंडाला खेळायचंच असतं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नसतं. मग तो 'कच्चा लिंबू'. तो पळतो, लपतो, ओरडतो, सगळं करतो, फक्त बाद होत नाही. त्याच्यामुळे कुणाचा डाव नासला असं मी ऐकलेलं नाही. २०१८च्या 'सेलेस्ट' या डोंगर चढण्याच्या गेमने नेमकं हेच केलं: गेमची गती कमी करा, दम अमर्याद करा, हवं तर अजिबात मरू नका. गेम तुम्हाला हसत नाही. ज्याला पक्कं खेळायचं त्याचा डोंगर तितकाच उभा राहतो. मला 'एल्डन रिंग'ची जिद्द आवडते, पण या बाबतीत 'सेलेस्ट' शहाणा आहे.

आपलं पोर

घरच्या गेमची वेळ आली की आपण दोनच गोष्टी करतो: अभिमान किंवा दुर्लक्ष. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' काढला. भारतीय पुराणातून उचललेला, जगभरच्या यंत्रांवर चाललेला. अशा वेळी आपली पानं 'मराठी पाऊल पडते पुढे' छापाचा मथळा देऊन मोकळी होतात. मी तो विकत घेतला आणि शेवटापर्यंत खेळलो, म्हणून जरा नीट सांगतो.

राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर राजीच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. ती त्याच्या मागावर निघते. ती सर्कशीत वाढलेली आहे आणि ते तिच्या अंगात दिसतं: खांबाला धरून गिरकी घेते, भिंतीवर धावते, त्या धावेतूनच वार करते. किल्ले-महाल असे चितारले आहेत की थांबून बघावं. कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या खेळातून उलगडतात, ही कल्पना नुसती देखणी नाही, योग्यही आहे. आपल्याकडे गोष्टी अशाच सांगितल्या गेल्या आहेत.

पण कॅमेरा लांब आणि आपल्या हाती नसलेला. दहा असुरांच्या गर्दीत राजीच हरवते, आणि उडी मारताना कठडा जवळ आहे की दूर याचा अंदाज चुकतो. त्रिशूळ लागला तरी लागल्यासारखा वाटत नाही. दुर्गा आणि विष्णू तिच्यावर बोलत राहतात, मूळ आवृत्तीत इंग्रजीतून, आणि जे डोळ्यांना दिसतंय तेच पुन्हा सांगतात. गेम पाच-सहा तासांचा, त्याबद्दल तक्रार नाही, पण तो संपत नाही, तुटतो. छोट्या संघाने, तुटपुंज्या पैशात केलेलं काम आहे हे मान्य. पण सवलत दिलेलं कौतुक म्हणजे पुन्हा कच्चा लिंबूच की! भाच्याला तो मान ठीक. कारागिराला त्याचं काम गंभीरपणे तपासलेलं हवं असतं.

शेजारी 'वेन्बा' ठेवून बघा. २०२३चा, टोरंटोत तयार झालेला, कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाचा. आईच्या पाककृतीच्या वहीवर डाग पडलेत, अक्षरं पुसली गेलीत. त्यातून इडली कशी करायची ते शोधायचं. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचल्या म्हणजे वाफ वरपर्यंत जाईल? कोडं एवढंच. पण ते सोडवताना हाताला जे कळतं ते असं: कृती वहीत अर्धीच असते, उरलेली आईच्या हातात असते, आणि आई लांब आहे. दोष हाच की गेम फार लवकर आटोपतो आणि कोडी पुरेशी चिवट नाहीत. पण इथे संस्कृती पाठीमागच्या पडद्यावर रंगवलेली नाही, ती करायच्या कामात मुरली आहे. एडिसनपासून सिडनीपर्यंत जिथे जिथे मराठी आई फोनवरून पुरणाचा अंदाज सांगते, तिथे हा गेम कळेल. आणि असा गेम मराठीत का नसावा, हा प्रश्नही पडेल. तो प्रश्न विचारायला आधी समीक्षा लागते.

पैसे कुठे मागतो?

एक गोष्ट मात्र मी तुमच्या आरोग्य पुरवणीशी सहमत होऊन म्हणतो. काही गेम खेळणाऱ्याला गिळण्यासाठीच बांधलेले असतात, आणि हेही समीक्षेनेच उलगडायचं असतं. 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव. संपले की एक जीव भरायला अर्धा तास, नाही तर पैसे. खेळाचा आनंद मधेच तोडून तो परत विकणं, ही त्याची खरी रचना. रंगीत गोळ्या ही सजावट. उलट नवी मुंबईत तयार झालेला 'लुडो किंग' घ्या. टाळेबंदीत दूर दूर अडकलेली घरं त्याने एका पटावर बसवली, कारण त्याने पटाला हात लावला नाही. नियम आजीला माहीत होते तेच ठेवले. पण सोंगटी घरात पोचल्याच्या आनंदावर जाहिरात येऊन आदळते, आणि फासा आपल्या मुठीत खुळखुळत नसल्याने दान पडलं की पाडलं, हा संशय दर डावाला उरतो.

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सना वेगळं स्थान दिलं. जुगार आणि खेळ यांत फरक आहे हे कायद्याने नोंदवलं. आपल्या मथळ्यांत मात्र दोघांना अजून एकच शब्द आहे: गेम.

मागणी

म्हणून मागणी सांगतो, ती मोठी नाही. महिन्यातून एकदा, रविवारच्या पुरवणीत, अर्धं पान. लिहिणाऱ्याने गेम कोणत्या यंत्रावर आणि किती तास खेळला ते पहिल्या ओळीत सांगावं. संपवला नसेल तर तसंही सांगावं. तो काय करायला लावतो ते लिहावं, पैसे कुठे आणि कसे मागतो ते लिहावं, कोणत्या वयाला झेपेल ते लिहावं. दहापैकी गुण देऊ नयेत. निकाल काय तो वाक्यात द्यावा. गुण आणि दोष एकाच जागी सापडले तर तसंच सांगायचं धैर्य दाखवावं.

शब्दांची चिंता करू नका. नवे संस्कृत जोडशब्द पाडायची गरज नाही. डाव, भिडू, राज्य, दान, घर, रडी, कच्चा लिंबू, टाइम प्लीज: गेमबद्दल बोलायला लागणारी निम्मी भाषा मराठी पोरांनी अंगणात तयार करून ठेवली आहे. उरलेली निम्मी इंग्रजी राहिली तरी बिघडत नाही, क्रिकेटच्या बातमीत कुठे बिघडलं?

आणि लिहिणार कोण, असं विचाराल तर तुमच्याच कचेरीत बघा. पान लावणारा, मुद्रितं तपासणारी, रात्रपाळीचा उपसंपादक, यांतला कुणीतरी घरी गेल्यावर खेळतो. त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही, इतकंच.

दिवाळी अंकांच्या संपादकांना वेगळी विनंती. पुस्तकं, नाटक, सिनेमा, चित्रकला यांना तुम्ही पानं देता. येत्या अंकात एका गेमला आठ पानं द्या. तो लेख फसला तर पुढच्या वर्षी देऊ नका. पण तो फसला की साधला हे सांगता येण्यासाठी तरी संपादकाने तो गेम एकदा खेळून बघावा, आणि माझा अर्धा हेतू तिथेच सफल होईल.

ताईने गेम घेऊन दिला. मार्गिट तिसऱ्या आठवड्यात मेला, असं कळतं.



आपला,
एक वाचक आणि भिडू